पाटी आली, माल राहिला

परीक्षेचे दिवस आले की आमच्या विभागात प्रकल्प जमा करून घेण्याची गडबड उडते. पूर्वी वह्या यायच्या, आता पेन ड्राइव्ह येतात. मागच्या सत्रात शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, एक विद्यार्थिनी धावत आली. "मॅडम, सगळं यात आहे," म्हणाली. पेन ड्राइव्ह लावून पाहिला तर आत एकच चित्र, पिवळ्या फोल्डरचे. त्याच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण. उघडायला गेले तर संगणक म्हणतो, अशी वस्तू सापडत नाही.

"अगं, हा शॉर्टकट आहे. फोल्डर कुठाय?"

"पण आमच्या घरी उघडतंय की हो, मॅडम!"

तिचे डोळे भरून आले. विभागातल्या बाकीच्या दोघी हसल्या. मला हसू आले नाही. कारण हीच चूक मी केली होती, आणि ती एका प्रकल्पापुरती नव्हती. तिला म्हटले, उद्या सकाळी आण, आणि या वेळी घरातून निघण्यापूर्वी शेजारच्यांच्या संगणकावर उघडून बघ. ती गेली, आणि मी मात्र बराच वेळ त्या वाकड्या बाणाकडे बघत बसले.

वाचकहो, माझे माहेर खानापूर तालुक्यातले, मराठी. सासर बेळगावातले, कन्नड. म्हणजे आपल्या या पानाच्या निम्म्या घरांत असते तसेच. माहेरी आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. सासरी आल्यावर कळले की आमच्या अत्तींनाही बीसुकल्लिन पदे येतात, आणि दोघींचा सूर इतका जवळचा की डोळे मिटून ऐकले तर भाषा कळेपर्यंत क्षणभर जातो. लग्नानंतर, २००४ पासून, मी दोघींची गाणी टेपवर घेऊ लागले. आधी कॅसेट, मग छोटा डिजिटल रेकॉर्डर. २०११ साली सगळ्या कॅसेटी संगणकावर चढवून घेतल्या. एव्हाना अर्ध्या कॅसेटींना पावसाळ्यातली बुरशी लागलीच होती, त्यामुळे काम झाल्यावर टाकून दिल्या. आई २०१८ साली गेली. चौदा तासांचे रेकॉर्डिंग मागे राहिले.

२०२० मध्ये घरी नवा संगणक आला. माझा भाचा तेव्हा हुबळीला इंजिनिअरिंग करत होता. त्याने त्यावर लिनक्स घालून दिले. संगणकात दोन डिस्का होत्या : एक छोटी पण वेगवान, दुसरी मोठी आणि जुनी. भाचा म्हणाला, "आत्या, गाणी आणि फोटो मोठ्या डिस्कवर ठेवतो. पण तुला काही शोधावं लागणार नाही. तुझ्या नेहमीच्या फोल्डरमध्येच दिसतील." आणि खरेच दिसू लागली. माझ्या फोल्डरमध्ये 'आई' आणि 'अत्ती' अशी दोन नावे, त्यांवर क्लिक केले की गाणी हजर. मला वाटले, गाणी तिथेच आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बाहेरची एक डिस्क जोडून माझ्या त्या नेहमीच्या फोल्डरचा बॅकअप घेत असे. भाच्याने लिहून दिलेली एक ओळ चालवायची आणि चहा ठेवायला जायचे. चहा उकळेपर्यंत काम संपायचे. केवढे कौतुक वाटायचे मला त्या वेगाचे! मी बेसावध नव्हते, हेही सांगते. दोन-तीनदा बॅकअपची डिस्क उघडून 'आई' या फोल्डरवर क्लिक करून पाहिले होते. आईचा आवाज आला. समाधानाने डिस्क कपाटात ठेवली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, धो धो पावसात वीज तीनदा गेली-आली आणि मोठी डिस्क बंद पडली, ती कायमची. मी म्हटले, काही हरकत नाही, बॅकअप आहे. बाहेरची डिस्क जोडली. 'आई' हे नाव दिसले. क्लिक केले. सापडत नाही. 'अत्ती'. सापडत नाही.

भाच्याला फोन लावला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आत्या, त्या लिंका होत्या गं. बॅकअपमध्ये लिंकाच गेल्या."

काय झाले होते, ते समजून घ्यायला मला काही आठवडे लागले. मी मराठीची एम. ए., संगणकाची नव्हे. पण एकदा कळल्यावर वाटले, हे तर आपल्या बाजारपेठेतले रोजचेच दृश्य आहे. एखादे जुने दुकान बंद असते आणि शटरवर पाटी असते : 'दुकान खडेबाजारात हलवले आहे'. ती पाटी म्हणजे सिम्बॉलिक लिंक. तिच्यात माल नसतो, फक्त पत्ता असतो. संगणक इतका तत्पर की तुम्ही पाटीला हात लावताच तो तुम्हाला उचलून खडेबाजारात नेऊन उभे करतो. म्हणून आपल्याला वाटते, आपण जुन्याच दुकानात आहोत. आता कुणी रात्री येऊन 'या दुकानातले सगळे सुरक्षित जागी हलवा' म्हटले आणि हमालाने इमानदारीने ती पाटी काढून गोदामात नेऊन ठेवली, तर दोष हमालाचा म्हणायचा का?

लिंक किती छोटी असते, याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. माझ्या 'आई' या लिंकेतला पत्ता इंग्रजी लिपीतल्या तेरा चिन्हांचा होता, म्हणून तिचा आकार १३ बाइट. देवनागरीत लिहिला असता तर यूटीएफ-८ पद्धतीत एकेका चिन्हाला तीन बाइट लागले असते, एवढाच फरक. उलट सीडीच्या दर्जाचे, न दाबलेले रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते. चौदा तास म्हणजे ८४० मिनिटे, म्हणजे साधारण साडेआठ जीबी. माझ्या अख्ख्या बॅकअपचा आकार होता तीन जीबी! हे आकडे तीन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते. घरात दोन किलो साखर आणली आणि डबा रिकामाच दिसला तर आपण लगेच विचारतो. इथे विचारले नाही.

मग मी तपासले तेव्हा आईचा आवाज आला कसा? इथेच खरी मेख आहे. बॅकअपच्या डिस्कवरच्या पाटीवरही तोच जुना पत्ता होता, आणि त्या पत्त्यावरची मोठी डिस्क तेव्हा जिवंत होती. मी ऐकत होते ते बॅकअपमधले गाणे नव्हतेच. मूळ गाणेच होते. माझ्या विद्यार्थिनीच्या 'घरी उघडतंय की' मध्ये आणि माझ्या समाधानात तसूभरही फरक नव्हता.

या लिंका मुळात आल्या कशाला, हाही प्रश्न मनात आला. युनिक्स या प्रणालीत आधीपासून एक दुसरा प्रकार होता, हार्ड लिंक. आपल्याकडे मुलाचे पाळण्यातले नाव एक असते आणि आजोळी हाक मारतात ती दुसऱ्याच नावाने. मूल एकच. एका नावाने हाक मारणे थांबले म्हणून मूल नाहीसे होत नाही. हार्ड लिंक तशी असते : एकाच मजकुराला दोन नावे, दोन्ही सारखीच खरी, आणि शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत मजकूर टिकतो. पण ही सोय एकाच डिस्कच्या एकाच विभागात चालते. एका डिस्कवरून दुसरीवर जाता येत नाही, आणि फोल्डरला असे दुसरे नाव सहसा देऊ दिले जात नाही. ही अडचण दूर करणारी पत्त्याची पाटी, म्हणजे सिम्बॉलिक लिंक, १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या युनिक्समध्ये, ४.२ बीएसडी या आवृत्तीत आली. विंडोजमध्ये फोल्डरांसाठी 'जंक्शन' नावाचा प्रकार विंडोज २००० पासून आहे आणि खरी सिम्बॉलिक लिंक व्हिस्टापासून. बाणवाला शॉर्टकट मात्र यांच्याहून वेगळा. तो एक साधी छोटी फाइल असतो. पण पेन ड्राइव्हवर तो एकटाच गेला तर फसगत तीच.

आता मुख्य मुद्दा. बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटेत अशी पाटी भेटली की त्याच्यापुढे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग, पाटीला पाटी म्हणूनच उतरवून घेणे. टार हा जुना कार्यक्रम आपणहून असेच करतो. आर्सिंक हा १९९६ पासूनचा लोकप्रिय कार्यक्रम, छोट्या 'ए' चा नेहमीचा पर्याय दिला की असेच करतो. बोर्ग आणि रेस्टिक हे नवे कार्यक्रम आणि ॲपलची टाइम मशीन यांचीही रीत हीच. ही रीत चुकीची नाही. संपूर्ण संगणक होता तसा पुन्हा उभा करायचा असेल तर हीच बरोबर, कारण लिनक्ससारख्या प्रणालीत अशा पाट्या हजारोंनी असतात आणि त्या पाट्याच राहायला हव्यात. फक्त एक अट आहे. पाटीवरच्या पत्त्यावरचा मालही त्याच बॅकअपमध्ये कुठेतरी आला पाहिजे. माझा माल होता दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क बॅकअपच्या यादीतच नव्हती.

दुसरा मार्ग, पाटी वाचून पत्त्यावर जाणे आणि माल उचलून आणणे. टारला छोटा 'एच' दिला, आर्सिंकला मोठा 'एल' दिला की ते असे करतात. लिनक्सवरचा नेहमीचा झिप कार्यक्रम आणि विंडोजमधला रोबोकॉपी हे तर न सांगताच असे करतात. ऐकताना वाटते, मग हेच का नको? मलाही वाटले. भाच्याने तीन अडचणी सांगितल्या. एकाच फोल्डरकडे तीन पाट्या असतील तर माल तीनदा येतो आणि जागा तिप्पट लागते. दुसरे, परत आणताना पाटीच्या जागी खरा फोल्डर येतो, म्हणजे एका वस्तूच्या तीन प्रती होतात. पुढे एकीत दुरुस्ती केली तर बाकीच्या दोघींना पत्ताच नसतो. तिसरी अडचण सगळ्यात गमतीची. फोल्डरच्या आत त्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी पाटी असेल तर? कार्यक्रम आत जातो, पुन्हा आत जातो, पुन्हा आत. लिनक्स एका वाटेत चाळीस पाट्या मोजतो आणि हात टेकतो. चांगले कार्यक्रम असा फेरा आधीच ओळखतात. रोबोकॉपी वापरणारे जाणकार जंक्शन वगळण्याचा पर्याय देतात तो बहुधा याचसाठी.

तिसरा मार्ग, पाटी दिसली की वळसा घालून पुढे जाणे. आर्सिंकला कोणताच पर्याय दिला नाही तर तो लिंक वगळतो आणि एका ओळीत तसे सांगतोही. ती ओळ वाचणारे किती, हा प्रश्न वेगळा. आपल्या पेन ड्राइव्हवर बहुतेक वेळा एफएटी-३२ किंवा एक्सफॅट ही मांडणी असते. तिच्यात सिम्बॉलिक लिंक ठेवायची सोयच नाही, त्यामुळे तिथे लिंक एक तर गाळली जाते, नाही तर चुकीचा संदेश येतो.

या तिन्हींच्या मधली एक वाटही आहे. आर्सिंकमध्ये असा पर्याय आहे की ज्या पाट्या फोल्डरच्या आतलाच पत्ता सांगतात त्यांना पाट्याच ठेवावे आणि ज्या बाहेर बोट दाखवतात त्यांचा माल घेऊन यावा. मला तो पर्याय घरातल्या शहाण्या आजीसारखा वाटला. घरातल्या घरात निरोप चालतो, बाहेरून मात्र वस्तू हातात पडल्याशिवाय ती मानत नाही.

पत्त्याविषयी आणखी एक. १ नोव्हेंबर २०१४ ला आपल्या शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. आजही कुणी पाकिटावर जुने नाव लिहिले तरी पत्र घरी पोचते, कारण पोस्टमनला दोन्ही नावे माहीत आहेत. संगणकातला पोस्टमन इतका समजूतदार नाही. फोल्डरच्या नावातला एक काना बदलला तरी त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या लिंका लुळ्या पडतात. 'वरच्या मजल्यावरचा डावा दरवाजा' अशा, आपल्या जागेपासून मोजलेल्या पत्त्याच्या लिंका सगळा वाडा हलवला तरी चालतात. 'गल्ली अमुक, घर नंबर तमुक' अशा पूर्ण पत्त्याच्या लिंका हलवल्यावर जुन्याच घराकडे पाठवत राहतात. माझ्या लिंका पूर्ण पत्त्याच्या होत्या.

असो. गाण्यांचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे.

बंद पडलेली डिस्क दोन ठिकाणी दाखवली, उपयोग झाला नाही. मग शोध सुरू झाला. धाकट्या भावाच्या जुन्या मोबाइलच्या कार्डात काही ओव्या निघाल्या. मावसबहिणीला मी कधीतरी एक सीडी करून दिली होती, ती तिच्या लोखंडी कपाटात साड्यांखाली सापडली. आईच्या मूळ यादीत एकतीस गाणी होती. एकोणीस परत मिळाली. बारा गेली. त्यात माझ्या मुलीच्या बारशाच्या आदल्या रात्री आई म्हणाली होती तीही आहे. ती कुठल्याही कपाटात नाही.

अत्तींना मी दोन-तीन दिवस काही सांगितलेच नाही. शेवटी त्यांनीच विचारले, "हाड उळदावेनवा?" मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हातातला तांदळाचा सूप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "इन्नोम्मे हाडतीनि तगो." आणि तिथेच, स्वयंपाकघरात, मागे कुकरच्या शिट्ट्या होत असताना म्हणायला लागल्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज आता कापतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये असलेल्या कितीतरी ओळी त्यांना आठवत नाहीत. पण दर शनिवारी आम्ही बसतो. मधे एकदा त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, तुझ्या आईची ती एक चाल माझ्या ओळखीची आहे, म्हणू का? शब्द त्यांना येत नव्हते. चाल बरोबर होती. ती मी घेऊन ठेवली आहे.

भाचा आता पुण्याला नोकरीला आहे. त्याला फार लागले होते. "आत्या, मीच सांगायला हवं होतं." मी म्हटले, तू सोय करून दिलीस, तपासायचे काम माझे होते. मागच्या गणपतीत त्याने येऊन सगळे नव्याने लावून दिले. आता बॅकअपच्या यादीत पाटीचे नाव नाही, थेट गोदामाचे नाव आहे. दोन बाहेरच्या डिस्का आहेत, एक आमच्याकडे, एक माहेरी भावाकडे. आणि भाच्याने एक ओळ शिकवली आहे, फाइंड या आज्ञेची, जी फोल्डरमधल्या सगळ्या लिंकांची यादी काढून देते. बॅकअप घेण्याआधी ती चालवते आणि एकेका पाटीला विचारते : बाई, तुझा माल कुठे आहे, आणि तो माझ्याबरोबर येतोय ना?

तुमच्या घरी लिनक्स नसेल, लिंका कुणी घातल्या नसतील. पण हल्ली लग्नाचे फोटोसुद्धा लिंकेच्या रूपानेच येतात. मोबाइलवर निरोप असतो, त्यावर बोट ठेवले की फोटो दिसतात. आपण तो निरोप जपून ठेवतो आणि म्हणतो, फोटो आहेत आपल्याकडे. ती जात सिम्बॉलिक लिंकेची नव्हे, पण पाटीच ती. पत्ता टिकेल तोवर फोटो.

म्हणून एकच सांगणे. येत्या रविवारी तुमची बॅकअपची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घ्या आणि शेजारच्या घरी जा. आपल्या संगणकावर नको, त्यांच्या संगणकावर लावा. एक फोटो उघडा, एक गाणे ऐका. आकार बघा, तुमच्या अंदाजाशी जुळतो का ते पाहा. शेजारी चहा विचारतीलच. तो उकळायच्या आत कळेल, घरी पाटी आली आहे की माल.

ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच विभागाच्या दारात उभी होती. "मॅडम, शेजारच्या काकूंच्याकडं उघडून बघितलं. उघडलं!" मी पेन ड्राइव्ह लावला. फोल्डरच्या कोपऱ्यात बाण नव्हता.